बी साइडच्या शेवटी हे कोण गातंय?

कृष्णाकाठची
मंडळी, एक कोडं घालते. १९९६च्या दिवाळीत दादाने मिरजेतल्या एका दुकानातून नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणली होती. वहीच्या पानावर यादी लिहून द्यायची आणि चार दिवसांनी कॅसेट घ्यायला जायचं, आठवतंय ना? दुकानदार यादीवर नजर टाकूनच सांगायचा, "अठराच्या वर बसणार नाहीत." यादीत 'रंगीला' होता, 'बॉम्बे' होता, अलिशाचं 'मेड इन इंडिया' होतं (ते माझ्या हट्टाने, आणि हट्ट मिलिंद सोमणपायी), आणि तेव्हा नवंकोरं असलेलं लकी अलीचं 'ओ सनम'. इतकी वाजवली ती कॅसेट की आजही कुठे 'तनहा तनहा' संपलं की माझ्या डोक्यात 'ओ सनम'ची गिटार सुरू होते. पुढे दुसरंच काही लागलं की कुणीतरी चुकल्यासारखं वाटतं.

तर कोडं असं. ए साइडचं शेवटचं गाणं अर्ध्यातच तुटतं, ते नेहमीचंच. पण बी साइडचं शेवटचं गाणं पूर्ण होतं, टक् असा आवाज येतो आणि मग चाळीसेक सेकंद एक गवई. पेटी, तबला, लांबलचक तान, मध्येच कुणाचा तरी खोकला, "क्या बात है", आणि पट्टी संपते. शब्द एकही नाही. आम्हा पोरांना ते रडगाणं वाटायचं. बंद करायला धावलो की बाबा झोपाळ्यावरून ओरडायचे, "पूर्ण होऊ दे गं. पट्टी मध्येच सोडली की खराब होते."

परवा माळा आवरताना सापडली. भाच्याने गाणं ओळखणाऱ्या अ‍ॅपला ऐकवलं, त्याने हात टेकले. दुकानदाराने उरलेल्या जागेत आपल्या आवडीचं काहीतरी भरलं असावं असा माझा अंदाज. कुणाकडे त्या भागातली अशी कॅसेट आहे का?

नव्वदीतला_नंदू
आमच्या साताऱ्यातला दुकानदार उरलेल्या जागेत आरती भरायचा. वर काय का असेना! पण पैसे कुठे होते एवढे? मी टीव्हीसमोर टू-इन-वन ठेवून चित्रहार टेप करायचो, घरात सगळ्यांना तंबी देऊन. तरी जुही चावलाच्या एका गाण्यात आजी विचारते, "ही कुणाची गं?" ते गाणं आता कुठेही ऐकलं तरी त्या जागी मी आजीची वाट बघतो.

टेपवाला_काका
ताई, तीस वर्षं टेप दुरुस्त केलेत, म्हणून सांगतो. दुकानदार भरेल ते गाणं सुरुवातीपासून भरेल, तानेच्या मधून नाही. एक काम करा. कॅसेटच्या पाठच्या कडेला दोन चौकोनी खाचा असतात, त्या बघून सांगा.

कृष्णाकाठची
बघितल्या काका. दोन्हींवर चिकटपट्टी लावलीय. पार पिवळी पडलीय.

टेपवाला_काका
मग ती कॅसेट कोरी नव्हतीच. आपलं रेकॉर्डिंग चुकून पुसलं जाऊ नये म्हणून लोक त्या खाचांवरचे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकायचे. तुकडा नसला की रेकॉर्डचं बटण खाली जात नाही. पुन्हा भरायची तर खाच बुजवायची, चिकटपट्टी नाहीतर कागदाचा बोळा. म्हणजे आधी कुणीतरी ती जपून ठेवली होती, नंतर दुसऱ्याने तिच्यावर भरून घेतलं. नवं भरणं जिथे थांबलं तिथे तुमचा टक्. त्यापुढे पुसलं गेलेलं नाही, जुनंच आहे. कुणाच्या तरी बैठकीचं गाणं दिसतंय, ते अ‍ॅपला कुठून सापडणार?

आणि हो, पुन्हा लावण्याआधी टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसून घ्या. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर अजिबात वाजवू नका. नव्वदची पट्टी साठच्या मानाने पातळ, लगेच गुंडाळते. जमलं तर पहिल्याच वेळी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

नंदू
काका, तुम्ही पोलिसात पाहिजे होतात.

कृष्णाकाठची
आत्ता दादाला फोन केला. आधी हसला, मग गप्पच झाला. म्हणाला, "बाबांची होती. गणपतीत गल्लीत गाणं झालेलं, पुढे बसून त्यांनी टेप केलेलं. यादीबरोबर मी तीच कॅसेट दिली. कोरीचे पैसे वाचले, त्याची आम्ही चौघांनी मिसळ खाल्ली." बाबांना कळलं होतं का, विचारलं. म्हणे, "मला कधी काही बोलले नाहीत."

काका, एक विचारू? पट्टी मध्येच सोडली की खराब होते, हे खरं असतं का हो?

टेपवाला_काका
वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर पूर्ण गुंडाळून ठेवावी. संध्याकाळी पुन्हा लावायची असेल तर काही होत नाही, ताई.