व्हिपलॅश दिसला की घड्याळ भारी, हा हिशेब कुठला?

जुनाकाटा: जुन्या पॉकेट वॉचचं मागचं झाकण उघडलं, आत व्हिपलॅश रेग्युलेटर, म्हणजे घड्याळाची चाल पुढेमागे करायचा वाकड्या स्प्रिंगचा भाग, दिसला की घड्याळ भारी आणि साधा काटा दिसला की हलकं, हे मला पटतच नाही. काम एकच आहे ना, दोन कर्ब पिना (स्प्रिंग मधे धरणाऱ्या बारीक खुंट्या) हेअरस्प्रिंगच्या, म्हणजे केसासारख्या बारीक वेटोळ्या स्प्रिंगच्या, बाहेरच्या वेढ्यावर सरकवायच्या, स्प्रिंगची चालती लांबी कमी झाली की घड्याळ पुढे पळतं, वाढली की मागे पडतं. जुना इंग्लिश घड्याळजी टॉम्पियन, त्याच्या पद्धतीत आकड्यांची चकती फिरवली की दात्यांवरून पिना सरकायच्या, १७५५ ला बॉस्लेने दाते काढून सरळ काटा दिला. व्हिपलॅशमध्ये त्याच काट्याला एकीकडून बारीक स्क्रू, दुसरीकडून वाकडी स्प्रिंग. सोय वाढली, मान्य. अचूकपणा कुठे वाढला?

बारीकस्क्रू: अहो, सोय म्हणून सोडून कसं देता? साधा काटा ढकलून बघा, आधी हलत नाही आणि हलला की पाहिजे त्याच्या पुढे जातो, दिवसाचे पाच सेकंद काढायला जावं तर अर्धं मिनिट मागे. स्क्रूवर मागून स्प्रिंगचा दाब असतो, ढिलाई राहत नाही, चार दिवसांनी तेवढाच परत फिरवता येतो. अमेरिकेत १८९१ च्या किप्टनच्या रेल्वे टक्करीनंतर वेब बॉल या घड्याळजीने रेल्वेच्या घड्याळांची तपासणी लावली आणि पुढच्या नियमांत आठवड्याला ३० सेकंदांच्या आत चाल आणि मायक्रोमेट्रिक (बारीक बारीक सरकवता येणारा) रेग्युलेटर दोन्ही आले, ते उगाच नाही.

जुनाकाटा: त्याच नियमांत पाच पोझिशन (घड्याळ आडवं, उभं असं वेगवेगळं धरून) आणि थंडी-उष्णतेची अ‍ॅडजस्टमेंटही होती की! ती बॅलन्स (झोके घेणारं चाक), त्याचे स्क्रू आणि हेअरस्प्रिंग सांभाळतात. डायल वर असताना +५ आणि उभं धरल्यावर -१५ असेल तर साधा काटा सरकवा नाहीतर व्हिपलॅश, दोन्ही आकडे जवळपास सारखेच सरकणार, मधले वीस सेकंद तसेच.

वेढा: पिनांमधल्या फटीचं काय पण? ती जास्त असेल तर बॅलन्सचा झोका लहान झाल्यावर स्प्रिंग पिनांना नीट टेकत नाही, लांब असल्यासारखी वागते आणि घड्याळ मागे पडतं, आणि उभ्या पोझिशनला झोका लहानच असतो. म्हणजे तुमचे वीस सेकंद थोडेफार पिनांमुळेच असू शकतात. मी तर म्हणतो रेग्युलेटरच नको, जहाजावरच्या मरीन क्रोनोमीटरसारखं फ्री-स्प्रंग, म्हणजे पिनांशिवाय, ठेवा आणि चाल बॅलन्सच्या स्क्रूंनी लावा.

बारीकस्क्रू: आणि रोज वापरणाऱ्याने बॅलन्सला हात घालायचा? समोरासमोरचे स्क्रू सारखे फिरले नाहीत तर पॉइज (चाकाचा तोल) गेला, मग उभ्या पोझिशनमध्ये आणखी गोंधळ.

जुनाकाटा: फट साध्या काट्यालाही असते, व्हिपलॅशलाही, मग भाव कशाचा? घेताना लूप (डोळ्याचं भिंग) लावून आधी ती बघा, स्प्रिंग पिनांच्या मधोमध श्वास घेतेय का ते बघा, झाकणाखालची चमकती पट्टी नंतर.

बारीकस्क्रू: फट बघाच. पण फट नीट असलेली दोन मूव्हमेंट (घड्याळाची आतली यंत्रं) समोर ठेवली तर मी व्हिपलॅशवालंच उचलणार, कारण रेट (चाल) माझा मलाच लावायचाय.