आगीच नाहीत तर सराव कशाला? 'हिशोबी' यांना उत्तर

नोझलवाला
'हिशोबी' यांनी काल लिहिलं की लहान वस्तीच्या अग्निशमन दलाला दर आठवड्याला सराव कशाला हवा? वर्षाकाठी आगी बोटांवर मोजण्याइतक्या, एरवी ही मंडळी मैदानात पाणी उडवत बसतात. सराव महिन्यातून एकदा ठेवा आणि वाचलेल्या पैशांतून नवा बंब घ्या. तिथेच प्रतिसाद देणार होतो, पण लांबला, म्हणून वेगळा धागा.

साहेब, आगी कमी म्हणूनच सराव जास्त लागतो. मोठ्या शहरातला जवान कामावरच शिकतो. आमच्याकडचा माणूस खऱ्या धुरात क्वचित शिरतो, त्याच्या हाताला वळण लागणार कुठे?

बंबाच्या टाकीत 2000 लिटर पाणी धरा. नोझल मिनिटाला 400-500 लिटर फेकते. म्हणजे चार-पाच मिनिटांत टाकी कोरडी. हायड्रंट (आगीसाठीचा नळ) नसेल तर विहीर किंवा तळं शोधायचं आणि सक्शन, म्हणजे पाणी ओढायची नळी, टाकायचं. जोडातली रबरी रिंग राहिली की पंप नुसती हवा ओढतो. हवेच्या दाबावर पाणी फार तर 10 मीटर चढतं, तेही कागदावर. व्यवहारात 7 मीटरलाच पंपाची दमछाक होते. त्यामुळे बंब कुठे उभा करायचा इथपासून सगळं अंधारात, घाईत, ओरडाआरड्यात ठरवायचं असतं. कोरा करकरीत बंब आणलात तरी रिंग विसरणारा माणूस तोच राहणार.

आणि श्वसनसंच! पाठीवरची, 30 मिनिटांची म्हणून मिळणारी हवेची बाटली धावपळीत 15-20 मिनिटांत संपते. नवखा माणूस घाबरून हवा ढोसतो. ती भीती मोडायला डोळे झाकून, मास्क लावून, नळीला हात ठेवून बाहेर यायचा सराव करावा लागतो. महिन्यातून एकदा?

हिशोबी
भाषण छान. मी काय म्हणालो ते मात्र अर्धंच वाचलंत. तुमचे लोक पगारी नाहीत, नोकरी-शेती सांभाळून येतात. त्यांच्याकडून दर आठवड्याची संध्याकाळ मागितली की वर्षभरात निम्मे गळतात. अमेरिकेत 1984 मध्ये 9 लाखांच्या आसपास स्वयंसेवक होते, 2020 मध्ये 6 लाख 77 हजार उरले. वर्द्या, म्हणजे दलाला येणारी बोलावणी, मात्र कितीतरी पटींनी वाढल्या. मोठ्या शहरांचे नियम लहान दलावर लादायचे आणि मग माणसं मिळत नाहीत म्हणून रडायचं. उत्तम प्रशिक्षित रिकामं केंद्र काय कामाचं?

वाटसरू
चिलीत अख्ख्या देशाची अग्निशमन सेवा स्वयंसेवक चालवतात. वर स्वतःच्या खिशातून वर्गणीही भरतात. 1851 मध्ये वालपाराइसोला पहिलं दल निघालं तेव्हापासून. त्यामुळे 'वेळ नाही' हे कारण मला पटत नाही. मान असला की माणसं येतात.

हिशोबी
तिथला मान इथे आयात करून द्या, मग बोलू.

उंबरठा
सराव करा नाहीतर करू नका, प्रसंगाला काय करतात ते मी पाहिलंय. माझ्या चुलत्यांच्या घराला आग लागली. बंब आला. दोघं आत गेले आणि दोघं पूर्ण वेषात दाराशी उभे. नुसते उभे! शेजाऱ्याने खिडकी फोडायला दगड उचलला तर त्याच्यावरच खेकसले. धूर बाहेर जाऊ द्यायचा नाही का? माजघर जळून गेलं. याला प्रशिक्षण म्हणत असाल तर नमस्कार.

नोझलवाला
उंबरठाताई, नुकसानाचं वाईट वाटतं. पण ते दोघं उभे होते ते आतल्या दोघांसाठी. आत दोन, बाहेर दोन. अमेरिकेत 1998 पासून तो लेखी नियमच आहे. आतले अडकले तर त्यांना कोण काढणार? आत माणूस अडकल्याचं नक्की माहीत असेल तर अपवाद असतो, एरवी नाही.

खिडकीचं म्हणाल तर त्यांनी थांबवलं हे बरंच झालं. बंद खोलीतली आग हवेविना दबलेली असते. काच फुटली की ताजी हवा आत जाते आणि खोलीच्या खोली एका क्षणात पेटते. पाणी तयार नसताना खिडकी फोडणं म्हणजे भात्याने फुंकर घालणं.

उंबरठा
म्हणजे आमचीच चूक. वा!

जुनाजाणता
आमच्या वेळी आधी कौलं काढायचे, धूर वर जायचा, मग आत शिरायचे. घरं वाचायची. हे 'फोडू नका' प्रकरण नवीन पुस्तकी दिसतं.

नोझलवाला
काका, तुमच्या वेळी घरात लाकूड आणि कापूस होता. आता फोम आणि प्लॅस्टिक आहे. अमेरिकेत यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेने दोन खोल्या शेजारी शेजारी पेटवून पाहिल्या. जुन्या पद्धतीच्या सामानाची खोली पूर्ण पेटायला 29 मिनिटांहून जास्त लागली. आजच्या सामानाची 3 मिनिटे 40 सेकंदांत. कौलं आजही काढतात, पण नळीत पाणी आल्यावर.

जुनाजाणता
प्रयोगशाळेत सगळं जमतं. मी स्वतः छपरावर उभा राहिलोय.

नोझलवाला
उभे राहिलात आणि खाली उतरलात, हे नशीब. आता छपराखालचं लाकूड बारीक असतं, लवकर सुटतं.

जुनाजाणता
नशीब? पोरा, तू जन्मला नव्हतास तेव्हा मी नळी ओढत होतो. शब्द जपून वापर.

पार्किंगपीडित
खिडकी, कौलं सगळं नंतर. बंब आधी गल्लीत शिरतो का ते बोला! आमच्या इमारतीत हायड्रंटला टेकून गाडी लावणारा एक महाभाग आहे. सांगितलं तर म्हणतो, 'आग लागली की काढतो.' म्हणजे आग याला आधी फोन करणार!

वाटसरू
+१. काच फोडून गाडीच्या आरपार नळी न्यायची.

पार्किंगपीडित
न्याच. फोटो मात्र मला पाठवा.

रात्रपाळी
खिडकीवर एवढं भांडताय आणि कोणी दाराबद्दल बोललं नाही. झोपताना खोलीचं दार लावून घ्या. चाचण्यांत उघड्या दाराच्या खोलीत 500 अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं, बंद दारामागे 40 च्या आत राहिलं. धूर अडतो तो वेगळाच. फुकटचा उपाय आहे.

उंबरठा
आणि पाळण्यातलं बाळ रडलेलं ऐकू कसं येणार? म्हातारी माणसं असतात घरात. तुम्ही एकटे राहता बहुतेक.

रात्रपाळी
बाळाच्या खोलीतला आवाज ऐकवणारं यंत्र मिळतं. आणि हो, एकटा राहतो. म्हणून जळावं असा नियम आहे का?

हिशोबी
धागा सरावावर होता ना? आता दार, कौलं, पार्किंग सगळं झालं. माझ्या मुद्द्याला उत्तर नाहीच. माणसं टिकवायची कशी?

माजी_फायरमन
मी सोडलं, त्यामुळे सांगतो. सरावाला कंटाळून नाही सोडलं. तोच तो सराव होता म्हणून सोडलं. नळी पसरा, गुंडाळा, घरी जा. रात्रीचा सराव नाही, पंपावर नव्याला कधी हात लावू दिला नाही, वर्दीनंतर काय चुकलं ते बोलायचं नाही. आणि धुराने माखलेला वेष घरी न्यायचा, तिथेच धुवायचा. 2022 मध्ये आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाच्या कामालाच कर्करोगकारक ठरवलं. बायकोने ती बातमी वाचली आणि विषय संपला.

नोझलवाला
वेष केंद्रातच धुतला पाहिजे, हे शंभर टक्के. आमच्याकडे अजून मशीन नाही.

हिशोबी
बघा, मशीन नाही आणि आठवड्याला सराव हवा. तरी चला, तुमचा हट्ट मान्य. दर आठवड्याला, दीड तास, पण पंप प्रत्येकाने चालवायचा आणि वेळेत घरी. नव्या बंबाचं पुढच्या वर्षी बघू. मशीनसाठी अर्ज मी लिहून देतो, तुमच्या लोकांना अर्ज लिहिता येत नाहीत हे मी पाहिलंय.

नोझलवाला
टोमण्यासकट स्वीकारला. दीड तासात फक्त सक्शनच होतं, दोन करा.

हिशोबी
पावणेदोन.

जुनाजाणता
पंपावर नव्यांना मी शिकवीन. छपराबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

पार्किंगपीडित
हायड्रंटचं काय ठरलं?