जुन्या डेस्कटॉपला कोणते ग्राफिक्स कार्ड सोसेल?

प्रश्न:
माझ्या डेस्कटॉपमध्ये २०११ साली बाजारात आलेला इंटेल कोअर आय५-२४०० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि मूळचाच ३०० वॉटचा पॉवर सप्लाय आहे. रोजच्या कामाला तो अजून पुरतो. मात्र मला ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रे आणि अ‍ॅनिमेशन बनवण्याचे सॉफ्टवेअर शिकायचे आहे आणि त्याची चौथी आवृत्ती ग्राफिक्स अपुरे असल्याचे सांगून बंद पडते. आरएक्स ६४०० हे कार्ड केवळ ५३ वॉट वीज घेते, म्हणून तेच घ्यावे असे मनात आहे. हा निर्णय योग्य ठरेल का?

पहिला प्रतिसाद:
तुमच्या प्रोसेसरमधील एचडी ग्राफिक्स २००० हा अंगभूत ग्राफिक्स भाग ओपनजीएल (सॉफ्टवेअर ज्यातून ग्राफिक्सशी बोलते ते मानक) ३.१ पर्यंतच पोहोचतो आणि ब्लेंडर ४.० पासून किमान ४.३ लागते; त्यामुळे वेगळे कार्ड बसवल्याखेरीज इलाज नाही, हे खरे. पण आरएक्स ६४०० तुमच्या संगणकासाठी घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. हे कार्ड दिसायला पूर्ण लांबीच्या स्लॉटमध्ये बसते, प्रत्यक्षात मात्र पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या) चारच लेन, म्हणजे माहितीच्या चारच वाटा, वापरते. नव्या मदरबोर्डवर चौथ्या पिढीच्या चार लेन पुरेशा वेगवान असतात. तुमचा स्लॉट दुसऱ्या पिढीचा आहे आणि त्यात एका लेनमधून सेकंदाला सुमारे ५०० एमबी माहिती जाते, म्हणजे चार लेनमधून जेमतेम २ जीबी. सोळा लेन वापरणाऱ्या कार्डाला त्याच स्लॉटमधून ८ जीबी मिळतात. दृश्यातील टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे) कार्डाच्या ४ जीबी मेमरीत मावेनासे झाले की हा फरक लगेच जाणवतो. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ आकसून साठवणारा भाग, नाही, त्यामुळे पुढे स्क्रीन रेकॉर्ड करायची झाली तर तो भार प्रोसेसरवरच पडेल. जीटीएक्स १६५० पाहा; ते सोळा लेनचे आहे.

दुसरा प्रतिसाद:
१६५० सुचवणे योग्यच आहे, परंतु आधी पॉवर सप्लाय तपासावा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात आणि १६५० ची मूळ मर्यादा तेवढीच आहे. तरीही काही कंपन्यांच्या आवृत्त्यांना सहा पिनांची वेगळी जोडणी लागते, म्हणून घेताना ती नसलेली आवृत्ती पाहून घ्या. पॉवर सप्लायवरील एकूण वॉटच्या आकड्यापेक्षा १२ व्होल्टसमोर लिहिलेले अँपिअर महत्त्वाचे, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघेही मुख्यतः तिथूनच वीज घेतात. इतक्या वर्षांत आतील कपॅसिटर थकलेले असतात. माझ्या जुन्या संगणकात मी दुसऱ्या प्लगमधून सहा पिनांची जोडणी करून देणारा अडॅप्टर लावून तसे कार्ड चालवले होते. रेंडरच्या, म्हणजे दृश्याचे अंतिम चित्र तयार होण्याच्या, मध्यावर संगणक बंद पडू लागला आणि अखेरीस पॉवर सप्लायसोबत मदरबोर्डही गेला. तो अडॅप्टर कोणी वापरू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ता:
झाकण उघडून पाहिले. १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर लिहिले आहे. कॅबिनेट पूर्ण उंचीचे आहे. बायोस (संगणक सुरू करणारी मदरबोर्डवरील प्रणाली) मात्र पहिल्या दिवसापासून तसाच आहे. त्याने अडेल का?

तिसरा प्रतिसाद:
१८ अँपिअर म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसरची मर्यादा ९५ वॉट आणि कार्डाची ७५ धरली तर कागदावर हे बसते, पण पॉवर सप्लाय जुना असल्यामुळे मी तो कार्डाबरोबरच बदलला असता.

बायोसने अडू शकते. त्या काळातील काही मदरबोर्डांवर नवे कार्ड बसवल्यावर पडदा काळाच राहतो आणि उत्पादकाची शेवटची बायोस आवृत्ती टाकल्यावर दिसू लागतो. हे काम कार्ड बसवण्यापूर्वी, प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर पडदा दिसत असतानाच उरकावे.

याच वर्गातील एनव्हिडियाचे जुने जीटीएक्स १०५० टीआय कार्ड पडून असले तरी त्याकडे वळू नका. ते पास्कल पिढीचे आहे आणि त्या पिढीच्या कार्डांसाठी एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर नियमित ड्रायव्हर देणे थांबवले असून आता फक्त सुरक्षा सुधारणा येतात. १६५० त्यानंतरच्या ट्युरिंग पिढीचे आहे.

कार्ड आल्यावर रेंडरचा वेळ घटेल. मॉडिफायर (वस्तूचा आकार आपोआप बदलणारी साधने) आणि सिम्युलेशन (कापड, पाणी यांच्या हालचालींची गणिते) मात्र तुमच्या चार कोअरच्या प्रोसेसरवरच चालतील, त्यामुळे तिथे मोठा फरक अपेक्षू नका. रॅम १६ जीबी केल्यास त्या बाजूला थोडा श्वास मिळेल. आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून कार्डाला लावायला विसरू नका. ती जुन्या जागीच राहिली तर ब्लेंडर पुन्हा तोच संदेश दाखवण्याची शक्यता आहे.