मुंबई दूरदर्शनचे सुरुवातीचे दिवस – तुमच्या आठवणी लिहा

गिरगावचा_बाळ्या
आईचं कपाट आवरायला घेतलं होतं. साड्यांच्या खाली पोस्टाचं टीव्ही लायसन्सचं पुस्तक निघालं. आत तिकिटं डकवलेली, त्यावर पोस्टाचे गोल शिक्के. वर्षाचे ५० रुपये भरायचे. मुलीला दाखवलं तर म्हणे, "टीव्ही बघायला लायसन्स? मग परीक्षा पण द्यायला लागायची का?"

मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, वरळीहून. दिल्लीत १९५९ पासून होतं, म्हणजे आपला नंबर लागायला तेरा वर्षं गेली. आमच्या चाळीत पहिला सेट दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती शेठकडे आला. लाकडी पेटी, चार पाय, सरकती दारं आणि दाराला चक्क कुलूप. किल्ली शेठाणीच्या कमरेला. रविवारच्या सिनेमाला पोरं पुढे फरशीवर, बायका मागे, पुरुष बाहेर गॅलरीत खिडकीच्या गजांना धरून. शेठाणीचा एकच नियम, पाय धुवून यायचं. त्यामुळे रविवारी संध्याकाळी चाळीच्या नळावर ही रांग!

तुमच्याकडे काय काय व्हायचं ते लिहा. लायसन्स कुणी जपून ठेवलंय का?

नलूमावशी
पाय धुवून 😂 आमच्या इथे माणशी चार आणे घ्यायचे. वर मध्येच "आता बास, आम्हाला जेवायचंय" म्हणून बंद. सिनेमाचा शेवट दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणीकडून कळायचा, तोही प्रत्येकीचा वेगळा.

शनवारातला
पुण्यात १९७३ ला आला, सिंहगडावरच्या रिलेमुळे. त्यामुळे अख्ख्या पुण्याच्या अँटेनांची तोंडं गडाकडे. वडील कौलांवर, मी जिन्यात, आई टीव्हीसमोर.
"आलं का?"
"मुंग्या!"
"आता?"
"आवाज आलाय, माणूस नाही!"
"आता?"
"आला आला, हलू नका!"
आता हलू नका म्हणजे काय, बाबांनी तिथेच उभं राहायचं? त्यात कौल फुटलं. मालक खाली उभे राहून बघत होते. पावसाळाभर त्या कौलाचा विषय. पण संध्याकाळी बातम्यांना पहिल्या रांगेत मालकच.

वऱ्हाडी_ठेचा
तुम्ही मुंबई-पुण्याचे लोक लय नशीबवान बाप्पा. आमच्या नागपुरात तेव्हा काहीच नाही. उन्हाळ्यात दादरला मामाकडे गेलो की बघायचो, अन् परत आल्यावर गल्लीत सांगत फिरायचो. एकानं विचारलं होतं, डब्यातल्या माणसाला आपण दिसतो का? मी ठोकून दिलं, दिसतो. आमच्याकडे टीव्ही आला तो एशियाडच्या वेळी, अन् त्यावर सारं दिल्लीचं हिंदीच. गजरा, चिमणराव वगैरे फक्त ऐकून माहीत.

नलूमावशी
@ठेचा चिमणराव बघायला हवं होतं हो! प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आमचे सासरे एरवी कधी हसायचे नाहीत.

अष्टागर
अलिबागकर हजर! आम्हाला रिलेबिले काही लागलं नाही. समोर मुंबई, मध्ये फक्त समुद्र. उंच बांबूला अँटेना बांधला की चित्र स्वच्छ. पावसाळ्यात मात्र बांबू आडवा आणि अँटेना शेजारच्या माडात. आजोबा संध्याकाळी 'आमची माती आमची माणसं' लावायचे. त्यातले तज्ज्ञ खताचं प्रमाण सांगू लागले की आजोबा टीव्हीशी भांडत. "अरे, कधी चिखलात उतरलास का तू?" पण एक भाग चुकवला नाही, आणि वाडीत खत पडायचं ते त्या तज्ज्ञांच्या हिशेबानेच.

शनवारातला
बांबूवरून आठवलं, अलिबागला पांढरा कांदा निघाला का? भाऊ येतोय तिकडे.

अष्टागर
निघाला. माळच घ्यायला सांगा, सुटा घेऊ नका.

चिमटीभर_मीठ
माझी आई 'सुंदर माझं घर' मध्ये गेली होती, नारळाच्या वड्या करून दाखवायला. आधीच निरोप होता, पांढरी साडी नको, कॅमेऱ्यात चमकते, बारीक चौकडीही नको. आईने लग्नातली मोरपंखी काढली. पडद्यावर ती राखाडीच दिसली, हे दुःख तिला आजपर्यंत आहे. वरळीच्या स्टुडिओत डोक्यावर हे एवढाले दिवे. ती वडी थापेपर्यंत कडेने सुकायला लागली. घाबरून पुढे काय बोलायचं तेच विसरली, मग म्हणाली, "बघा, आता हिला कसा छान फिकट गुलाबी रंग आलाय!" कॅमेरा लगेच वडीवर. आम्ही घरी सगळे डोळे फाडून बघतोय, राखाडी वडी राखाडी ताटात.

गिरगावचा_बाळ्या
अगागा 😂😂 फिकट गुलाबी! हे आज जेवताना सगळ्यांना सांगणार.

वऱ्हाडी_ठेचा
वड्यांचं प्रमाण द्या ना ताई.

जुनं_ते_सोनं
थोडी भर. पहिले केंद्र संचालक पी. व्ही. कृष्णमूर्ती. तबस्सुमचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' पहिल्याच महिन्यात सुरू झालं आणि वीसेक वर्षं चाललं. १९७६ पर्यंत टीव्ही आकाशवाणीचाच भाग होता, त्या वर्षी वेगळा झाला, आणि जाहिरातीही तेव्हापासूनच. म्हणजे पहिली तीनेक वर्षं जाहिरातीशिवाय टीव्ही! रंग आला १९८२ ला. आणि एकाच केंद्रावर मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळं. आमच्या घरी कुणाला गुजराती येत नव्हतं, तरी 'आवो मारी साथे' पूर्ण बघायचो. लावलाय तर बघायचं, बंद करणं म्हणजे वीज फुकट घालवल्यासारखं वाटायचं, उलट असूनही.

बातम्यांना स्मिता पाटील असायची. जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची म्हणतात. भक्ती बर्वेही निवेदन करायची.

नलूमावशी
स्मिता पाटीलचं ते ठसठशीत कुंकू! आमच्या कॉलेजात सगळ्याजणी तसंच लावून यायला लागल्या. मला काही ते शोभलं नाही, आमच्या ह्यांना विचारा. प्रदीप भिडे मात्र घरचेच वाटायचे. सासूबाई त्यांच्यासमोर पदर सावरून बसायच्या.

शनवारातला
माझी आजीपण! आणि "नमस्कार" म्हटलं की उलट नमस्कार करायची.

रात्रपाळी
लोकलमध्ये उभा आहे म्हणून थोडक्यात. बाबा मिलमध्ये. संपाच्या आधी हप्त्याने सेट घेतला, संपात विकावा लागला. घेणारे शेजारचेच. मग त्यांच्याकडे जाऊन आमचाच टीव्ही बघायचो. काकू म्हणायच्या, "बस रे, तुझाच आहे." चांगली माणसं होती. दादर आलं, उतरतो.

चिमटीभर_मीठ
@रात्रपाळी 🙏

गिरगावचा_बाळ्या
@रात्रपाळी घरी पोचलास की अजून लिही रे. कुठली मिल?

अष्टागर
'ज्ञानदीप' कुणालाच आठवत नाही? आकाशानंद यांचं. आमचे मास्तर दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर प्रश्न विचारायचे. ज्याच्या घरी टीव्ही नाही त्याने काय करायचं? तर ज्याच्या घरी आहे त्याच्या आईला मस्का लावायचा.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, वड्या!

चिमटीभर_मीठ
हो हो, कुकर लावत होते. दोन वाट्या ओला नारळ, दीड वाटी साखर, थोडं दूध, वेलची. मंद आचेवर कडेने सुटेपर्यंत हलवायचं. तूप लावलेल्या ताटात थापून गरम असतानाच वड्या पाडा.

वऱ्हाडी_ठेचा
अन् गुलाबी रंग?

चिमटीभर_मीठ
आईला विचारलं. म्हणते, असा काही रंग येतच नाही, मी आपली बोलून गेले होते!