नर्व्ह ब्लॉकला मराठीत काय म्हणायचं? ‘नस ब्लॉक’ नको वाटतं

आई पावसात लालबागच्या घरी जिन्यावरून घसरली, मनगट मोडलं, प्लेट टाकायची ठरली. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ आले नि म्हणाले, "मावशी, पूर्ण भूल नाही देणार, हाताची नस ब्लॉक करू." झालं, आईचं बीपी वर, कारण बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी घरात दिवसरात्र हाच शब्द होता, ‘नस ब्लॉक झालीये’, आणि आता डॉक्टर स्वतःच ब्लॉक करणार म्हणतायत! मला वाटतं घोळ ‘नस’चाच आहे. सलाईन लावताना ‘नस सापडत नाही’ म्हणतो ती रक्ताची, कमरेत ‘नस दबलीये’ म्हणतो ती मज्जातंतूची. शाळेच्या पुस्तकात नीला, रोहिणी, चेतातंतू सगळं वेगवेगळं, पण ओपीडीत तसं कोण बोलतं? इथले डॉक्टर पेशंटला काय सांगतात?

प्रतिसाद १
मी मुंबईतच भूल देते. पेशंटसमोर ‘नस’ काढतच नाही, "हात बधिर करते, तुम्ही जाग्या असाल" एवढंच सांगते. सोनोग्राफीवर बघत गळ्याखालच्या हाडाच्या वरून सुई घालतो, औषध मज्जातंतूंच्या आत नाही, त्यांच्या भोवती सोडतो, दुखण्याचा निरोप मेंदूकडे जायचा थांबतो, रक्त वाहतच राहतं. आणि एक आधीच सांगून ठेवते, दुखणार नाही पण ओढल्यासारखं, दाबल्यासारखं कळू शकतं, नाहीतर पेशंटला वाटतं भूल चढलीच नाही.

प्रतिसाद २
मला ‘अर्धी भूल’ त्याहून खटकतो. सिझरला कमरेत इंजेक्शन देतात ती, ऑगस्ट बीअर नावाच्या सर्जनने १८९८ मध्ये जर्मनीत पहिल्यांदा करून दाखवलेली. बायकांना वाटतं अर्धी म्हणजे अर्धं दुखणार! खरं तर कमरेखाली पूर्ण बधिर आणि वर पूर्ण जाग. मुळात ‘भूल’मध्ये भुलणं, विसरणं आहे आणि इथे माणूस काहीच विसरत नाही. ‘बधिर’ बरा, पण तो ऐकू न येणाऱ्यालाही लागतो, त्यामुळे मेडिकल कॉलेजात ‘बधिरीकरणशास्त्र विभाग’ पाटी बघून म्हातारी माणसं कानाचं खातं समजतात.

प्रतिसाद ३ (मूळ प्रश्न माझाच)
तरी ‘हात बधिर करणं’ हेच मला पटलं, ‘बधिर’च्या आधी ‘हात’ आला की कान मध्ये येतच नाही. आई वॉर्डात आल्यावर डाव्या हाताने उजवा उचलून बघत होती, बोटं चिमटत होती, म्हणाली "हा माझा वाटतच नाही गं, कोणाचा तरी मांडीवर ठेवल्यासारखा." रात्री साडेनऊला मुंग्या आल्या तेव्हा ती खूश, हात जागा झाला म्हणून, आणि अर्ध्या तासात कळा सुरू.

प्रतिसाद ४ (भूलवाली)
मुंग्या म्हणजे औषध उतरतंय, गोळी तेव्हाच घ्यायची, कळ यायची वाट बघायची नाही. आणि तोवर हात झोळीत, गरम पाण्याची पिशवी, गॅस यांच्या जवळपास नाही, भाजलं तरी कळत नाही.