मॅट लिपस्टिक मध्येच फाटते त्याबद्दल
लिक्विड मॅट लिपस्टिक दोन तासांत ओठांच्या मध्यभागी का फाटते, असा प्रश्न आहे. दोष बहुतेकदा शेडचा नाही, थराचा असतो. ती सुकली की पातळ पापुद्रा तयार होतो. त्यावर दुसरा जाड हात दिला की बोलताना तो तडकून सुटतो. आधी लिप बाम लावून 10 मिनिटं थांबा, मग टिश्यूने नीट टिपून घ्या. बाम उरला तर रंग धरतच नाही (इथेच घोळ होतो). मग मधून कडेकडे एकच पातळ हात. सुकेपर्यंत ओठ एकमेकांवर घासायचे नाहीत. तेलकट खाल्ल्यावर आतली कड निघणारच. त्यावर थर न चढवता सगळं पुसून नव्याने लावा. आणि शेड मनगटावर नको, बोटाच्या टोकावर बघा, तिथली त्वचा ओठांच्या रंगाला जास्त जवळची.