विषय: भाच्याचं गिटहब – कुणी जाणकार बघेल का?

प्रेषक: शुभदा
रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

लिस्टवर मंडळाच्या गणपतीच्या जेवणाच्या याद्या चालू आहेत, त्यात हे मध्येच घुसवतेय, राग मानू नका. माझा भाचा ओंकार मे महिन्यात इथून एमएस झाला. ओपीटी (शिक्षण संपल्यावर अमेरिकेत काही काळ काम करायची विद्यार्थ्यांना मिळणारी मुभा) सुरू होऊन ४१ दिवस झाले आणि नोकरीशिवाय ९०च दिवस राहता येतं. आमच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तो रोज सकाळी एक फुली मारतो. मला ते बघवत नाही.

अर्ज भरपूर केलेत, उत्तरं नाहीत. त्याला कोणीतरी सांगितलं की गिटहबवरचे, म्हणजे हे लोक आपला कोड ठेवतात त्या साइटवरचे, चौकोन हिरवे दिसले पाहिजेत; त्या-त्या दिवशी काम केल्याची ती खूण म्हणे. तेव्हापासून हा रोज रात्री बसतो आणि चौकोन हिरवे करतो. काय करतोस म्हणून विचारलं, तर म्हणाला, "एक स्पेस टाकतो, दुसऱ्या दिवशी तीच काढतो." मला सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही, पण हे काम नव्हे एवढं कळतं. आपल्यात इतके जण त्याच क्षेत्रात आहात. कुणी त्याचं पान एकदा डोळ्यांखालून घालाल का?

शुभदा

---

प्रेषक: ओंकार
रविवार, रात्री ११:०२

नमस्कार. मावशीने मेल पाठवल्यावर मला सांगितलं. आता लाजून उपयोग नाही, प्रोफाइलची लिंक खाली दिली आहे. सहा प्रोजेक्ट पिन केलेत (पानावर सगळ्यात वर लावलेत), प्रोफाइलचं रीडमी म्हणजे माहितीचं पानही सजवलंय. अजून काय घालावं म्हणजे उठून दिसेल, ते कृपया सांगा.

ओंकार

---

प्रेषक: मिलिंद
सोमवार, रात्री ९:३०

ओंकार,

आमच्या टीमसाठी येणारे अर्ज मी वाचतो, म्हणून लिहितोय. सगळ्या कंपन्यांत असंच चालतं असं नाही. पुष्कळ ठिकाणी गिटहब कुणी उघडतही नाही, त्यामुळे सगळी भिस्त त्यावर ठेवू नकोस. पण जो उघडतो तो काय बघतो, तेवढं सांगतो.

आधी त्या चौकोनांचं मिटवू. गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रोग्राममध्ये) कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलाची, तारीख आपण देऊ ती बसते. रंगच हवा असेल तर दहा मिनिटांच्या स्क्रिप्टने अख्खं वर्ष हिरवंगार करता येतं, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. सलग किती दिवस काम केलं त्याचा आकडा पूर्वी प्रोफाइलवर दिसायचा, तो गिटहबनेच २०१६ मध्ये काढून टाकला. तुझ्या हिरव्या चौकोनांवर मी क्लिक केलं आणि स्पेस टाकणं, स्पेस काढणं हे सगळं पाहिलं. कोरा चौकोन असता तर मी पुढे गेलो असतो. हे बघून मात्र मनात शंका आली. आज रात्रीपासून बंद कर.

आता तुझे सहा पिन. नेटफ्लिक्सची नक्कल, हवामानाचं अ‍ॅप, कामांची यादी, घरांच्या किमती, टायटॅनिक आणि पोर्टफोलिओ. बाबा रे, टायटॅनिकवरचं कोण वाचलं आणि कोण बुडालं हे मी आता झोपेतही सांगू शकतो. ही कोर्समधली कामं आहेत, वाईट नाहीत, पण माझ्यासमोर आलेल्या जवळजवळ प्रत्येक अर्जात हीच असतात. त्यातून तू कोण ते कळत नाही.

मग मी खाली गेलो, रिपॉझिटरींच्या (एकेका प्रोजेक्टच्या कोडच्या कप्प्यांच्या) यादीच्या दुसऱ्या पानावर. तिथे 'फवारणी वही' नावाचं काहीतरी आहे. रीडमी कोरं, वर्णन नाही, शेवटचा कमिट अकरा महिन्यांपूर्वीचा. कोड उघडला तर कळलं की द्राक्षबागेची नोंदवही आहे: कोणत्या प्लॉटला कोणत्या दिवशी काय मारलं, छाटणीपासून तो कितवा दिवस, आणि त्या औषधाच्या पीएचआयप्रमाणे (फवारणी ते काढणी यांत ठेवायच्या दिवसांप्रमाणे) माल कधी काढता येईल. हे कुणासाठी केलंस? आणि ते मागे का लपवून ठेवलंस?

कमिट वाचत बसलो. संदेश असे: 'फायनल', 'फायनल २', 'डेट फिक्स', 'आता तरी'. त्यातला 'डेट फिक्स' उघडला. नोंदीची वेळ तू आधी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवत होतास आणि दिवस त्यावरून काढत होतास. भारत साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आधी कुणी नोंद केली की ती आदल्या दिवशी पडणार. फवारणी एक दिवस आधीची दिसली की पीएचआयही एक दिवस आधीच संपल्यासारखा दिसणार. निर्यातीच्या द्राक्षात औषधाचा अंश जास्त निघाला तर काय होतं ते तुला मी सांगायला नको. तू दुरुस्ती केलीस आणि नुसती तारीख साठवायला लागलास. अगदी बरोबर. पण हे शोधलंस कसं, ते कुठेच लिहिलं नाहीस! माझ्याकडे येणाऱ्या अर्जांत मला नेमकं हेच हवं असतं.

तर ही वही पहिल्या पिनवर आण. जागा सहा आहेत म्हणून सहाही भरायला पाहिजेत असं नाही, दोन-तीन बास. रीडमीत मराठी माणसासारखं सरळ लिही: हे कुणासाठी, ते लोक आधी कागदावर काय करायचे, अ‍ॅप कसं चालवून बघायचं, एक-दोन स्क्रीनशॉट, आणि यात अजून काय जमत नाही. पहाटे साडेपाचचा किस्सा त्यात आलाच पाहिजे. इंग्रजीत लिही, पण मोठमोठे शब्द नकोत.

प्रोफाइलच्या रीडमीबद्दल. युजरनेमच्याच नावाची रिपॉझिटरी केली की ते पान वर दिसतं, ही सोय २०२० पासून आहे आणि तेव्हापासून लोकांनी तिची पार वरात केली आहे. तुझ्याकडे तेवीस बिल्ले, भेटी मोजणारा आकडा आणि हिरवे चौकोन खाणारा साप आहे. आकडेवारीचं कार्ड दुसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवरून येतं. मी उघडलं तेव्हा तो बंद होता आणि तिथे फाटकं चित्र दिसत होतं. चार ओळी ठेव: कसलं काम शोधतोस, कुठे राहतोस, काय चांगलं येतं, आणि वहीची लिंक.

दोन गोष्टी तातडीच्या, आज रात्रीच कर. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये तुझी एपीआय की (हवामानाची माहिती देणाऱ्या साइटची गुप्त किल्ली) उघडी पडली आहे. फाइल उडवून भागत नाही, गिटच्या इतिहासात ती राहतेच. आधी त्या साइटवर जाऊन की रद्द कर. आणि वहीच्या नमुना डेटामध्ये कुणाचा तरी खरा मोबाइल नंबर आहे. वडिलांचा असेल तर इतिहासातूनच साफ कर. जमलं नाही तर मला फोन कर, बसून करू.

शेवटचं. वहीचे कमिट तुझ्या खात्याला लागलेलेच नाहीत, कारण ते करताना तुझ्या गिटमध्ये जुन्या कॉलेजचा ईमेल होता. तो अजून उघडत असेल तर गिटहबच्या सेटिंगमध्ये जोडून घे. तेव्हाचे चौकोन आपोआप भरतील, आणि ते खरे असतील.

मिलिंद

---

प्रेषक: गौरी
मंगळवार, सकाळी ७:५०

मिलिंदने सगळं सांगितलंच आहे. मी फक्त एका गोष्टीसाठी लिहितेय, कारण ओंकारला आता कुणीतरी नक्की सांगणार: "ओपन सोर्समध्ये पुल रिक्वेस्ट टाक." म्हणजे दुसऱ्यांच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडमध्ये बदल सुचव.

टाक, पण कुठे आणि कशासाठी ते बघून. मी एक छोटी लायब्ररी (इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड) सांभाळते, नोकरी सांभाळून, फुकट. डिजिटलओशन कंपनीचं हॅक्टोबरफेस्ट, म्हणजे ऑक्टोबरात ओपन सोर्सला हातभार लावायचा उपक्रम, २०१४ पासून चालू आहे, चांगल्या हेतूने. २०२० च्या ऑक्टोबरात टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत एखादं विशेषण घालायचं आणि पुल रिक्वेस्ट पाठवायची असा सपाटा लावला. शेवटी त्याच महिन्यात नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला असेल, तिथलंच काम मोजायचं. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या वेबसाइट बनवायच्या प्रसिद्ध ओपन सोर्स प्रकल्पावर तसंच झालं. शिकवणीच्या एका व्हिडिओत नमुना म्हणून तीच रिपॉझिटरी दाखवली होती, आणि मुलांनी रीडमीत आपापली नावं घालून ढिगाने रिक्वेस्ट पाठवल्या. त्यातली बरीचशी आपल्याकडचीच मुलं होती. मुलांचा राग येत नाही मला, त्यांना तसंच शिकवलं गेलं. पण ते सगळं एकेक करून बंद करत बसणाऱ्या माणसाची रविवारची दुपार जाते. आणि अशी रिक्वेस्ट तुझ्या नावावर कायम दिसत राहते.

वहीसाठी तू जी लायब्ररी वापरलीस, तिच्यात कुठे अडखळला होतास का? दस्तऐवजात काही चुकीचं होतं? तिथून सुरुवात कर. एखादा बग नीट, पायरी-पायरीने पुन्हा घडवून दाखवलास तरी सांभाळणाऱ्यावर उपकार होतात. कोड नंतर.

गौरी

ता. क. शुभदाताई, मोदकांची संख्या वेगळ्या मेलमध्ये पाठवते.

---

प्रेषक: ओंकार
बुधवार, रात्री १२:४०

मिलिंददादा, गौरीताई, खूप आभार. की रद्द केली. नंबर बाबांचाच होता. दादांनी फोनवर सांगितलं तसं इतिहासातून काढला. कॉलेजचा ईमेल अजून चालू होता, जोडला.

वही बाबांसाठी केली होती. आमची तासगावला चार एकर द्राक्षं आहेत. बाबा फवारणी डायरीत लिहायचे, आणि ट्रॅक्टरवर ठेवलेली डायरी दरवर्षी एकदा तरी भिजायची. पहाटे ब्लोअर (फवारणीचं यंत्र) चालवून झाला की ते तिथल्या तिथे मोबाइलवर नोंद करायचे. एकदा म्हणाले, "तुझं अ‍ॅप मला एक दिवस मागे नेतं." मला पटेना, कारण माझ्याकडे सगळं बरोबर दिसायचं. शेवटी त्यांना म्हटलं, नोंद करताना घड्याळाचा फोटो पाठवा. फोटोत पाच वाजून दहा मिनिटं होती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

एवढी साधी गोष्ट रीडमीत लिहायची असते हे मला माहीतच नव्हतं. मला ते घरचं काम वाटायचं. मुलाखतीत नेटफ्लिक्सची नक्कलच मोठी वाटेल असं वाटलं. आता लिहिलंय, घड्याळाच्या फोटोसकट. डेमोची लिंकही आहे. कुणी उघडून बघेल का?

ओंकार

---

प्रेषक: वसंतकाका
गुरुवार, सकाळी ६:०५

चि. ओंकार,

उघडून बघितली. माझी उमेदीची वर्षं नाशिककडे बागेत गेली, मग मुलाकडे इकडे आलो. वही चांगली आहे. पण तू प्लॉटला छाटणीची एकच तारीख घेतोस. आपल्याकडे बाग वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार व्हायला, आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी फळाला. दोन्हीचे दिवस वेगळे मोजतात. मी खरड छाटणीची तारीख घातली आणि ऑक्टोबरातली फवारणी टाकली, तर तुझी वही म्हणते 'दिवस १९१'. १९१ व्या दिवशी द्राक्षं वेलीवर नसतात रे, बेदाणा होऊन डब्यात गेलेली असतात.

तुझे वडील ऑक्टोबरचीच तारीख घालत असतील म्हणून त्यांना अडलं नसेल. तक्रार नेमकी कुठे नोंदवायची?

वसंत

---

प्रेषक: मिलिंद
गुरुवार, सकाळी ८:२०

काका, रिपॉझिटरीत 'इश्यूज' नावाचा टॅब आहे, तिथे हेच जसंच्या तसं लिहा. मराठीत लिहा. ओंकार, खाली इंग्रजीत दोन ओळींचा सारांश दे, पण काकांचं मराठी काढू नकोस. अनोळखी माणूस तुझी गोष्ट वापरतो आणि तू त्याला नीट उत्तर देतोस, हे त्या टॅबमध्ये मी सगळ्यात आधी वाचेन. कोपायलट या एआयकडून कोड लिहून घेतलास तरी माझी हरकत नाही, पण दोन छाटण्या असतील तर कोणती तारीख कधी धरायची ते तू ठरव, आणि का ठरवलंस ते इश्यूत लिही. प्रश्न त्यावर येतील.

आणि मंडळाचं काही काम करायला घेतलंस तर ते ओपीटीत स्वयंसेवी काम म्हणून धरता येतं का, ते युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारून घे. आठवड्याला किमान २० तास आणि शिक्षणाशी संबंधित, एवढी अट मला माहीत आहे. पुढचं त्यांच्याकडून लेखी घे, लिस्टवरच्या काका-मामांच्या भरवशावर राहू नकोस.

मिलिंद

---

प्रेषक: ओंकार
पुढचा बुधवार, रात्री ९:१०

दोन छाटण्या केल्या. फवारणीच्या तारखेच्या आधीची जी सर्वांत जवळची छाटणी, तिच्यापासून दिवस मोजतो. बाबांना दाखवलं तर म्हणाले, "हे मला आधीच हवं होतं, पण तू परीक्षेत होतास म्हणून बोललो नाही."

आज एका ठिकाणी फोनवर पाऊण तास बोलणं झालं. त्यातली वीसेक मिनिटं पहाटे साडेपाचवरच गेली. समोरच्या बाईंनी स्वतःच्या टाइमझोनच्या बगचा किस्सा सांगितला. पुढचं काही कळलेलं नाही. फ्रिजवर ५१ फुल्या झाल्या.

वसंतकाका, पहिला इश्यू बंद करू का?

ओंकार

---

प्रेषक: वसंतकाका
गुरुवार, सकाळी ५:५५

बंद करू नकोस. छाटणीची तारीख दुरुस्त केली की त्याआधीच्या फवारण्या यादीतून गायब होतात. फोटो इश्यूत टाकला आहे.

वसंत